देवनागरी फॉन्टची चाचणी: छापील पान की ग्लिफांची नोंद?

देवनागरी फॉन्टचे आकार रेखाटून झाले आणि ओपनटाइपचे नियम (कोणती अक्षरे जुळली की कोणता आकार वापरायचा हे सांगणारे) लिहून झाले, की चाचणीसाठी दोन वाटा समोर असतात. एक छापील पानाची: उतारे लावायचे, कागदावर काढायचे आणि बारकाईने पाहायचे. दुसरी एचबी-शेपची, म्हणजे मजकुरासाठी फॉन्टमधील योग्य आकार निवडून मांडणाऱ्या हार्फबझ या सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची: त्याला शब्दांची यादी द्यायची, प्रत्येक शब्दासाठी कोणते ग्लिफ (फॉन्टमधील सुटे आकार) कोणत्या क्रमाने आले याची नोंद जपून ठेवायची आणि नियम बदलला की नवी नोंद जुनीशी ताडून पाहायची. मी बराच काळ केवळ पानावर विसंबून होतो.

पानाचे मोल आजही कमी वाटत नाही. अक्षरांमधले अंतर, शिरोरेषेची जाडी, ‘मूर्तींना’मध्ये रफार, वेलांटी आणि अनुस्वार यांची होणारी दाटी हे डोळ्यांनाच कळते, नोंदीत नुसती नावे आणि आकडे असतात.

मला वाट बदलायला लावली ती ‘स्थिती’ या शब्दाने. पहिल्या वेलांटीचे मी रुंदीनुसार सहा आकार केले होते, म्हणजे मध्ये अर्धे अक्षर आले तरी तिची कमान त्याच्यावरून जाऊन पूर्ण अक्षराच्या उभ्या दंडापर्यंत पोहोचावी. पुढे ‘थ’च्या आधीचा अर्धा ‘स’ जरा अरुंद हवा असे वाटले, म्हणून त्याचा वेगळा ग्लिफ केला. पण कोणत्या अर्ध्या अक्षरांआधी रुंद वेलांटी लावायची हे सांगणाऱ्या नियमातील गटात त्याचे नाव घालायचे राहून गेले. ‘स्थि’ला आखूड वेलांटी लागू लागली आणि तिची कमान ‘स’वरच संपू लागली. ते पान मी दोनदा तपासले आणि दोन्ही वेळा ओळखीचा शब्द वाचून पुढे सरकलो. नोंदीत हाच फरक एका ओळीत दिसला असता: आधी रुंद वेलांटीचे नाव, आता आखूड वेलांटीचे. एका नियमाला हात लावावा, भलतेच जोडाक्षर बिघडावे आणि ते फार उशिरा कळावे, हा जाच मला सोसवेना.

अर्थात यादी कसून करावी लागते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही हवेत, कारण दुसऱ्यातील ‘ऱ’चा युनिकोड क्रमांक ०९३१ असा वेगळा आहे. शिवाय भाषा मराठी असल्याचे एचबी-शेपला सांगितले नाही, तर ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणांसाठी लिहिलेले नियम लागूच होत नाहीत. ही नोंद एकट्या हार्फबझची असल्यामुळे हेच काम करणारी विंडोजचे डायरेक्टराइट आणि ॲपलचे कोअरटेक्स्ट यांवर निराळी खात्री करून घ्यावी लागते, हेही खरे.

मोजक्या अक्षरांचा शीर्षकांपुरता फॉन्ट करत असाल, तर पान कदाचित पुरेल. शेकडो जोडाक्षरांचा, सलग मजकुरासाठीचा फॉन्ट हाती घेणार असाल, तर पहिला नियम लिहिण्याआधीच शब्दांची यादी तयार करावी, असे मी सुचवेन.