पोच घेतली का, ताई? : आमच्या विहारातलं शाळाप्रवेश मदत केंद्र

पाचपैकी चार तारे देतेय. एक का कापला ते पुढे येईलच.

घाटकोपर पूर्वेला, हायवेलगतच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी काही मुलंमुली बसतात आणि आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या 25 टक्के मोफत जागांचे, फॉर्म भरून देतात. एक पैसा घेत नाहीत. बाहेर सायबरवाले फॉर्ममागे दोनशे घेतात. शेजारणीच्या फॉर्ममध्ये तर मोबाइल नंबरच चुकीचा टाकला होता. पोराचा नंबर लागल्याचा मेसेज कुणा भलत्याच माणसाला गेला.

मी शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. नवरा रिक्षा चालवतो. 2024 ला मुलीला पहिलीत घालायचं होतं, म्हणून आदल्या दिवाळीनंतरच विहारात गेले. त्याआधी एक एजंट भेटला होता. उत्पन्न लाखाच्या आत दाखवून दाखला काढून देतो, पंधराशे लागतील, म्हणाला. विहारातल्या मुलीने, ती लॉ करते, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही वंचित घटकात येता. उत्पन्नाची अटच नाही तुम्हाला. जातीचा दाखला द्या, बाळाच्या पप्पांचा असला तरी चालतो." पंधराशे वाचले ते तिथेच.

पण पप्पांचा दाखला होता कुठे? अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आमचं सगळं सातारच्या गावी. तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं: आजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आणा, त्यावर जात आणि जन्मतारीख हवी, मुख्याध्यापकांचा शिक्का हवा. नवरा दोन दिवस रिक्षा बंद ठेवून गेला आणि उतारा घेऊन आला. रजिस्टरात आजोबांपुढे 'महार' आणि आमच्या कागदांवर 'बौद्ध'. मला वाटलं, आता इथे अडणार. तिने शांतपणे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते सांगितलं. दाखला हातात यायला फेब्रुवारी उजाडला. ज्यांना पुढच्या वर्षी घालायचंय त्यांनी दिवाळीच्या फराळाबरोबरच हे काम काढा.

फॉर्ममध्ये नकाशावर घराच्या जागी लाल फुगा ठेवायचा असतो. अंतर त्यावरून मोजतात, आणि तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्यांचा विचार आधी व्हायचा. आमचा फुगा आपोआप जाऊन बसला होता हायवेपलीकडे नाल्यावर. मी म्हटलं, असू दे की, एवढ्याने काय होतंय. फॉर्म भरणारा दादा हसला. फुगा बोटाने सरकवत आमच्या गल्लीवर, मग पाण्याच्या टाकीपाशी, मग नेमका आमच्या पत्र्यावर आणला. यादीत आधी नसलेली एक शाळा एक किलोमीटरच्या आत आली. मुंढ्यात पाव इंच चुकलं की अख्खा ब्लाउज बिघडतो, तसंच हे. मी मनात धरलेली कॉन्व्हेंट मात्र यादीत आलीच नाही. अल्पसंख्याक शाळांना हा 25 टक्क्यांचा नियम लागू नाही, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलंय, हे तेव्हा कळलं.

त्यात ते वर्ष घोळाचं. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला की किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्के जागा द्यायची गरज नाही. मुंबईत अशी गल्ली दाखवा जिच्या किलोमीटरभरात पालिकेची शाळा नाही! मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि फॉर्म पुन्हा भरावे लागले. केंद्रातल्या पोरांनी वस्तीतल्या सगळ्यांना स्वतःहून फोन केले. 19 जुलैला न्यायालयाने तो बदलच रद्द केला, मग यादी लागली. आमचा नंबर लागला, तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

माझ्या मते केंद्राचं खरं काम इथून सुरू होतं. ऑगस्टमध्ये शाळेने 'ॲक्टिव्हिटी'चे सात हजार मागितले. तोंडी. मी रडकुंडीला येऊन विहारात गेले. लॉ करणाऱ्या त्या मुलीने अर्धं पान अर्ज लिहायला लावला, माझ्याच हाताने, मराठीत. आरटीई कायद्याचं कलम 3, पोटकलम 2: शिक्षणात अडथळा होईल असं कुठलंही शुल्क बालकाकडून घेता येत नाही. तरी रक्कम मागत असाल तर लेखी द्या. खाली, 'प्रत माहितीसाठी: शिक्षणाधिकारी'. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.

खिडकीतला क्लार्क म्हणाला, "ठेवून जा." मी म्हटलं, "पोच द्या." तो म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. मी उभी राहिले. पाऊण तासाने जांभळा गोल शिक्का मिळाला, तारखेसकट. सात हजारांचा विषय पुन्हा निघाला नाही. आता आमच्या गल्लीत कुणी रेशन ऑफिसातून आलं तरी बायका विचारतात, "पोच घेतली का?"

विहाराच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आहेतच. त्यांच्या खाली, प्रिंटरच्या वर, एक काळापांढरा फोटो आहे: पायऱ्या उतरणारी छोटी काळी मुलगी, हातात दप्तर, आजूबाजूला कोटवाले धिप्पाड गोरे. ही कोण म्हणून विचारलं. रूबी ब्रिजेस, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सची. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा आहेत असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच सांगितलं होतं, तरी 14 नोव्हेंबर 1960 ला (नेमका आपला बालदिन!) सहा वर्षांच्या या पोरीला गोऱ्यांच्या शाळेत पहिलीत बसवायला केंद्र सरकारचे मार्शल, म्हणजे पोलिसांसारखे अधिकारी, लागले. गोऱ्यांनी आपली मुलं काढून नेली. वर्षभर एका बाईंनी तिला एकटीलाच शिकवलं. बापाची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. आईला तिला त्या शाळेत घालायचीच होती, बाप कचरत होता. हे ऐकून मी नवऱ्याकडे बघितलं. पालिकेची शाळा काय वाईट आहे, असं तोही महिनाभर म्हणत होता. (वाईट नाहीच, मी तिथेच शिकले. पण वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की मी बाकाखाली खडू शोधायचे.) 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव तिकडच्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं, हे सासऱ्यांकडून ऐकलेलं. या पोरीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आता तो कापलेला तारा. मुलगी महिनाभर उशिरा वर्गात बसली, गृहपाठ व्हॉट्सॲपवर, तोही इंग्रजीत. केंद्रात विचारलं तर, "ताई, अभ्यासाला आमच्याकडे कुणी नाही." खोटं आश्वासन दिलं नाही, हे चांगलंच. पण आत गेलेलं पोर टिकायला हवं की नको? सहाशे रुपयांची शिकवणी लावली, तेव्हा कुठे ती वाचायला लागली. आता दुसरीत आहे.

शिवाय फक्त रविवार, बाथरूम नाही, आणि जानेवारीनंतर तीन-तीन तास रांग. एक दादा जरा खेकसतो. मनावर घेऊ नका, काम तो चोख करतो.

जाताना मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच आणि ज्या फोनवर मेसेज येतो तो फोन न्या. पेनही स्वतःचं न्या. तिथलं पेन टेबलाला बांधलेलं आहे, आणि दोरी सहीपर्यंत पोचत नाही.