अंगोला की मोझांबिक? प्रबंधाचा विषय ठरवताना

संरक्षणशास्त्राच्या एम.ए.ला गनिमी युद्ध आणि गरीब देशाचं सैन्य असा काही विषय डोक्यात घेतला की गाडी बहुधा या दोन देशांपाशी येऊन अडते. दोन्हीकडून पोर्तुगीज 1975 मध्ये गेले, दोन्हीकडे डावं सरकार आलं, दोन्हीकडच्या बंडखोरांना दक्षिण आफ्रिकेची रसद. हे तुम्हाला माहीत असणारच. मीही याच पेचात होतो.

अंगोला आधी भुरळ घालतो. सरकारच्या बाजूला सोव्हिएत रणगाडे, पन्नास हजारांच्या घरात क्युबन सैनिक, आणि समोर जांबाच्या तळावरून सूत्रं हलवणारा साविंबी, युनिटा या बंडखोर संघटनेचा म्होरक्या. सरकारकडे तेल, पुढे बंडखोरांकडे हिरे. वाचायलाही रग्गड मिळतं. मला नडलं ते कुइतो कुआनावाले. 1987-88 ची ही लढाई जिंकली कोणी, यावर क्युबन एक सांगणार, दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त अधिकारी भलतंच. कोणाचे किती रणगाडे गेले याचे दोघांचे हिशेब जुळत नाहीत. मी तक्ते करत बसायचो, एक रकाना भरला की दुसरा खोडायचा, आणि एवढ्या कागदांत अंगोलाचा शेतकरी काही दिसायचा नाही. ज्याला रणगाड्यांचीच हौस आहे त्याला यात मजा येईलही. माझा जीव विटला.

मोझांबिकमध्ये असा तक्ताच बनत नाही. तिथली सत्ताधारी संघटना फ्रेलिमो स्वतः जंगलातून पोर्तुगीजांशी लढून सत्तेवर आलेली. पण सत्तेत आल्यावर शेजाऱ्यांच्या धास्तीनं तिनं सोव्हिएत धर्तीचं जड सैन्य उभारलं. समोर उभी राहिली बंडखोरांची रेनामो: ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या जागी तेव्हा असलेल्या गोऱ्यांच्या राजवटीच्या) गुप्तहेर खात्यानं जन्माला घातलेली, 1980 नंतर दक्षिण आफ्रिकेनं पोसलेली, पायी हिंडणारी. झुडपांतून तिच्यामागे रणगाडे काय धावणार? त्यात सामूहिक खेड्यांत हलवलेले लोक आणि मान गेलेले गावप्रमुख सरकारवर चिडलेले. रेनामोनं हा राग वापरला, आणि त्याच गावकऱ्यांवर अनन्वित अत्याचारही केले.

मग सैन्याची ताकद मोजायची कशावर? मी बैराचा मार्ग घेतला. बैरा बंदरातून झिंबाब्वेतल्या मुतारेकडे रूळ, रस्ता आणि तेलाची पाइपलाइन जाते. ती राखायला झिंबाब्वेला हजारो सैनिक पाठवावे लागले. गोरोंगोसातला रेनामोचा तळ 1985 मध्ये पडला तोही त्यांच्याच जोरावर, आणि मोझांबिकच्या सैन्याच्या हाती दिल्यावर काही महिन्यांत तो पुन्हा गेला. एकमेकांच्या बंडखोरांना मदत करायची नाही असा न्कोमाती करार मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेत 1984 मध्ये झाला होता; तळावर सापडलेल्या कागदांतून कळलं की त्यानंतरही दक्षिण आफ्रिकेची रेनामोला मदत चालूच होती. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण होतं.

अडचण म्हणाल तर पोर्तुगीज भाषेची, पण ती दोन्हीकडे आहे. गोव्यात ओळख असेल तर एखादे जुने काका मदत करतात. मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा गोव्याचेच, 1986 च्या विमान अपघातात माशेल यांच्याबरोबर गेले. गोव्याचा धागा धरून प्रस्तावना लिहायलाही बरं पडतं.

युद्धाचा शेवटही मला मोझांबिकचाच जास्त पटतो. 1992 च्या रोम करारात सरकार आणि रेनामो अशा दोन्ही बाजूंचं मिळून 30 हजारांचं नवं सैन्य ठरलं, भरले जेमतेम 12 हजारांच्या आसपास. बहुतेकांना घरी जायचं होतं. अंगोलात करार मोडतच राहिले, 2002 मध्ये साविंबी मारला गेला तेव्हा कुठे युद्ध थांबलं.

बाकी तुमची मर्जी. गाईड क्युबाप्रेमी असतील तर मात्र निमूट अंगोला घ्या, सह्या लवकर मिळतात.