फॉर्म ९५: फुकट आहे, पण एका चौकटीत अडकतो

अमेरिकेच्या सीमेवर किंवा विमानतळावर सीबीपीच्या, म्हणजे सीमा आणि कस्टम्स सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या, अधिकाऱ्यांनी मारहाण केली, विनाकारण डांबून ठेवलं, तर दाद मागायला दोन दारं आहेत. ऑनलाइन तक्रारीचं दार सोपं, म्हणून लोक तिकडेच वळतात. त्यातून चौकशी होऊ शकते, पण भरपाईचा छदामही मिळत नाही. वर ती तक्रार पडून असताना दाव्याची मुदत संपत जाते, ते वेगळंच.

पैशाचा दावा म्हणजे स्टँडर्ड फॉर्म ९५. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. १९४६ च्या फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्टखाली (सरकारी कर्मचाऱ्यांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई सरकारकडे मागण्याचा कायदा) तो घटनेपासून २ वर्षांत खात्याच्या हाती पडावा लागतो. टपालात टाकल्याची तारीख धरत नाहीत, तेव्हा पोच मिळेल अशाच टपालाने पाठवावा.

खरी मेख १२-डी या चौकटीत आहे. तिथे डॉलरचा नेमका आकडा लागतो. ‘नंतर कळवू’ लिहिलं की दावा बाद. हात आखडून आकडा टाकणंही महागात पडतं, कारण कोर्टात सहसा त्याहून जास्त मागता येत नाही. ८ नंबरच्या चौकटीत ‘वाईट वागणूक दिली’ असलं मोघम काही नको. किती वाजता आत नेलं, किती तास ठेवलं, बेड्या होत्या का, औषध मागितल्यावर काय उत्तर आलं, हे क्रमाने लिहावं. होल्ड रूममध्ये, म्हणजे ताब्यात घेतलेल्यांना तात्पुरतं ठेवायच्या खोलीत, साधारणपणे ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा सीबीपीचाच २०१५ चा नियम. तास मोजलेले असले की त्यावर बोट ठेवता येतं. कॅमेऱ्याचं चित्रण कायम राहत नाही, ते जपून ठेवा असं पत्र आधी धाडावं.

खातं ६ महिने गप्प बसलं तर तो नकार धरून फेडरल कोर्टात जाता येतं. लेखी नकार आला तर मात्र ६ महिन्यांच्या आत जावंच लागतं. तिथे ज्युरी नाही, दंडात्मक भरपाई नाही. वकिलाच्या फीला मर्यादा आहे: खात्याशी तडजोड झाली तर २० टक्के, कोर्टात गेल्यावर २५. ही सोय खरोखर चांगली.

पाचपैकी तीन तारे, तेही दुसरा रस्ता जवळजवळ बंद आहे म्हणून. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या एग्बर्ट विरुद्ध बूल निकालानंतर सीमा अधिकाऱ्यावर व्यक्तिशः भरपाईचा खटला टिकणं फार कठीण झालंय. कस्टम्सने अडवलेल्या सामानाच्या नुकसानीला बहुधा हा फॉर्मही कामाचा नाही. तसा माल कायद्यातूनच वगळलेला आहे.