पॅकेजिंग डिझाइनचा सात महिन्यांचा कोर्स: एक हंगाम काढल्यानंतर

आमच्या रत्नागिरीकडच्या कलमांचा हापूस, आणि जोडीला आंबापोळी, आमसुलं, कोकम आगळ असा घरगुती पसारा. गेल्या जूनमध्ये शेवटची पेटी गेली, हात मोकळे झाले, तेव्हा हा ऑनलाइन कोर्स घेतला. पॅकेजिंगचा इतिहास आणि प्रत्यक्ष काम, शनिवार-रविवार दोन-दोन तास, थेट जानेवारीपर्यंत. फी 18,000 रुपये. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून मुद्दाम एक हंगाम जाऊ दिला.

पहिले दोन महिने निव्वळ इतिहास आहे. ग्रुपवर बऱ्याच जणांनी कुरकुर केली, त्यात मीही होतो. खोका करायला शिकायचंय, नेपोलियनच्या काळात काय चाललं होतं त्याचं काय करू? आता सांगतो, पैसे तिथेच वसूल झाले. सर सनावळ्या पाठ करायला लावत नाहीत. दर वेळी अडचण समोर ठेवतात आणि आधी आम्हालाच उपाय विचारतात. फ्रेंच सरकारचं 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळवणाऱ्या निकोला अपेरने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट मारून ती उकळत्या पाण्यात ठेवली. अन्न टिकलं, पण का टिकलं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. अन्न जंतूंमुळे नासतं हे दाखवणाऱ्या पाश्चरला अजून अवकाश होता. 1810 मध्ये इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. डबा उघडायचं धड हत्यार यायला मात्र चाळीसेक वर्षं लागली, तोवर छिन्नी आणि हातोडा! हे ऐकल्यापासून आमच्या आगळाच्या बाटलीचं झाकण मी आधी आईच्या हातात देतो. तिला उघडलं तर पुढे जायचं.

दुसरी गोष्ट रॉबर्ट गेअरची. ब्रुकलिनचा कागदी पिशव्या करणारा कारखानदार. 1879 मध्ये त्याच्या मशीनवर घडी पाडणारी पट्टी सरकून वर आली आणि बियाण्यांच्या पिशव्या घडी पडण्याऐवजी कापल्या गेल्या. माल वाया गेला, पण त्याच्या डोक्यात आलं की कापणं आणि घडी पाडणं एकाच फटक्यात होऊ शकतं. आज आपल्याकडच्या कुठल्याही पंचिंगवाल्याकडे जा, लाकडी फळीत ठोकलेली डाय, म्हणजे खोका कापायचा साचा, बघा: कटिंगची पाती धारदार आणि केसभर उंच, क्रीझिंगची, म्हणजे घडी पाडणारी, बोथट आणि बुटकी. गेअरचीच करामत. मी वर्षानुवर्षं त्या दुकानात जातोय, डायकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

प्रात्यक्षिकाचा पहिला गृहपाठ म्हणजे घरातले दहा खोके चिकटवलेल्या जागी सोडवून सपाट करायचे आणि पेन्सिलीने कागदावर गिरवायचे. टूथपेस्ट, चहा, अगरबत्ती, औषधं. चिकटवायची पट्टी किती रुंद, आत जाणाऱ्या झडपेचे कोपरे किंचित तिरके का कापलेत, एक झडप दुसरीपेक्षा अर्धा मिलीमीटर आखूड का. हे हाताने केल्यावर जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही. उलट स्क्रीनवरचा तो थ्रीडी चित्रं करण्याचा महिना साफ फुकट. चित्रात प्रत्येक खोका राजबिंडाच दिसतो.

आता माझी फजिती. कोर्समध्ये पुठ्ठ्याच्या ग्रेनवर, म्हणजे कागदाच्या तंतूंच्या दिशेवर, एक अख्खा तास होता. उभ्या घडीला तंतू आडवे हवेत, म्हणजे ते खोक्याभोवती पट्ट्यासारखे फिरतात आणि बाजू फुगत नाहीत. वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघाही मारल्या. फेब्रुवारीत आंबापोळीचे 1,000 खोके छापायला टाकले. छापणाऱ्याने सरळपणे विचारलं, "दिशा फिरवली तर शीटमध्ये दोन नग जास्त बसतात, फिरवू का?" मी हो म्हणालो. वही घरी होती, हिशेब डोक्यात होता. खोके आले ते दिसायला झकास. पोळीची पाकिटं भरून चार दिवस मांडणीवर ठेवले, तर एकेकाचं पोट सुटलेलं. दोष छापणाऱ्याचा नाही आणि कोर्सचाही नाही. घरी जाऊन वही उघडली तर त्या दोन रेघा समोरच.

खरा फायदा झाला तो आंब्याच्या पेटीत. आम्ही अजून पेटीच म्हणतो, पण लाकडी पेटी आणि पेंढा जाऊन बराच माल पुठ्ठ्यात गेला. आमच्या आधीच्या खोक्यांना हवेची भोकं थेट कोपऱ्यांजवळ होती. खोक्यावर खोका चढतो तेव्हा सगळ्यात जास्त भार कोपरेच पेलतात, हे कोर्समध्ये साध्या प्रयोगातून दाखवलं: एकाच मापाचे दोन खोके, एकाची भोकं मधोमध, दुसऱ्याची कोपऱ्याशी, वर पुस्तकं रचत जायची. दुसरा आधी बसला. शिवाय पुठ्ठ्यातली नाळ, म्हणजे आतल्या नागमोडी कागदाच्या वळ्या, उभी हवी, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत पुठ्ठा ओल धरून मऊ पडतो, म्हणून कागदावर लिहिलेला ताकदीचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही. यंदा भोकं मध्ये घेतली, थर एकाने कमी केला. बाबा सुरुवातीला हसले. मेमध्ये टेम्पोतून उतरवलेले खालच्या थरातले खोके स्वतः दाबून बघत होते.

तक्रारी दोन. एक, भारताला सात महिन्यांत जेमतेम एक सत्र. पाउचवर बोलताना शाम्पूच्या पुडीचा उल्लेख आला आणि संपला. 1894 मध्ये मुंबईत निघालेला आणि पुढे मळवलीला गेलेला रविवर्मा प्रेस, गिरणीच्या कापडावर चिकटवायची ती रंगीत तिकिटं, काड्यापेटीवरची चित्रं, डालड्याचा तो पिवळा डबा ज्यात नंतर तुळस लावली जायची, यातलं काहीच नाही. कोकाकोलाच्या 1915 च्या बाटलीवर मात्र पूर्ण तासभर.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. लेबलवरची कायदेशीर माहिती घाईत उरकली. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, 14 आकडी परवाना क्रमांक, चौकटीतला हिरवा ठिपका हे सगळं बसवल्यावर डिझाइनला जागा किती उरते हाच पहिला प्रश्न असतो. वजनाच्या आकड्यांची किमान उंचीसुद्धा नियमाने ठरलेली आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या सुंदर डिझाइनांत हे मावलंच नसतं. मला ते 2011 चे पॅकबंद वस्तूंचे नियम स्वतः बसून वाचावे लागले.

नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर हा कोर्स नको, त्यापेक्षा अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेचे अभ्यासक्रम बघा. स्वतःचा माल आहे आणि छापणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायचंय, तर जरूर घ्या. फी दोन हप्त्यांत भरता येते. फक्त बागायतदारांनी जूनचीच बॅच धरावी. डिसेंबरच्या बॅचमध्ये आमच्या गावचा एकजण आहे, तो मार्चपासून वर्गात दिसलेला नाही.