वाचायला म्हणून पाठवलेली संहिता

"मॅडम, परवा तुमची एकांकिका बघितली. नाव का बदललंत?"

जुन्या विद्यार्थ्याचा असा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. मी त्या एकांकिकेची परवानगी कुणालाच दिलेली नव्हती. लेखक म्हणून कुणाचं नाव जाहीर झालं, असं विचारल्यावर तो गप्पच झाला. नाव दिग्दर्शकाचं होतं, आणि लेखनाचं दुसरं पारितोषिकही त्यालाच मिळालं होतं.

या माणसाने जूनमध्ये मला फोन केला होता. फार अदबीने बोलला. शेजारच्या जिल्ह्यात कॉलेजच्या मुलांची नाटकं बसवतो, तुमची संहिता मुलांना नुसती वाचायला हवी, आवडली तर रीतसर परवानगीपत्र आणि मानधन, असं म्हणाला. मी त्याच रात्री व्हॉट्सॲपवर वर्ड फाइल पाठवून दिली. पहिल्या पानावर माझं नाव होतं, पण ते पान काढून टाकायला किती वेळ लागतो? पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला, "मुलांना झेपणार नाही, पुढच्या वर्षी बघू." मी विषय सोडून दिला. एकांकिका लिहिणाऱ्यांनो, असा नकार आला की नंतर त्या भागातल्या स्पर्धांच्या प्रवेशिकांवर लक्ष ठेवा. मी ठेवलं नाही.

ही एकांकिका आईचं शिलाई मशीन विकायला काढलेल्या दोन बहिणींची आहे. ती लिहायला मला सात महिने लागले. "उसवलेलं परत शिवता येतं, फाटलेल्याला ठिगळच लावावं लागतं," हे त्यातलं वाक्य माझ्या आईचं आहे. ती खरंच असं म्हणायची. प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर होतं, ते मी लावलं. मशीनच्या जागी जातं आलं होतं, शेवट थोडा फिरवला होता, पण आईचं वाक्य जसंच्या तसं होतं. जात्याशी त्याचा काय संबंध, हेही त्या माणसाला सुचलं नव्हतं. मी तिथेच व्हिडिओ थांबवला. पुढचं बघायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

त्याला फोन केला तर म्हणाला, "आईची वस्तू विकणं हा विषय कुणाच्याही घरातला आहे, त्यावर तुमची मालकी कशी?" आणि वर, "विद्यार्थ्यांसाठी केलंय, शिक्षणाचं काम आहे." दोन्ही मुद्दे ऐकायला खरे वाटतात, मीही क्षणभर गडबडले. नंतर वकिलांनी समजावलं. कल्पनेवर किंवा विषयावर कॉपीराइट नसतो, हे बरोबर. पण तिची मांडणी, प्रसंग, संवाद लेखकाचे असतात, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहून झालं की तो हक्क आपोआप मिळतो. शिक्षणसंस्थेची सवलत आहे, पण ती संस्थेतल्याच विद्यार्थी-शिक्षकांनी तिथलेच शिक्षक, विद्यार्थी, पालक यांच्यासमोर केलेल्या प्रयोगापुरती. बाहेरच्या स्पर्धेला ती लागू नाही.

प्रश्न पुराव्याचा होता. मी पूर्वी संहिता पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली होती, आमच्याकडे बरेच जण असंच करायचे. त्या पाकिटाला कायद्यात नोंदणीचा दर्जा नाही. उपयोगी पडले ते हाताने लिहिलेले खर्डे, तारखेसकट ई-मेल आणि त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं. आणि एक चूक. धाकट्या बहिणीचं नाव मी आधी सुलभा ठेवलं होतं, नंतर सुमन केलं. एका जागी ते बदलायचं राहून गेलं होतं. त्याच्या प्रयोगात धाकटी सुमनच होती, आणि नेमक्या त्याच संवादात मोठी तिला "सुलभा" म्हणाली.

आयोजकांकडे लेखकाचं परवानगीपत्र लागतंच, पण इथे लेखक म्हणून त्यानेच सही केली होती. मग कुणी विचारायचं? यूट्यूबला रीतसर लेखी तक्रार केली आणि व्हिडिओ निघाला. (नियमाप्रमाणे अशा तक्रारीवर ३६ तासांत मजकूर थांबवायचा असतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो.) पोलिसांत जायचा रस्ताही होता. या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. मी गेले नाही, कारण त्या प्रयोगात बहिणींचं काम करणाऱ्या मुली. दोन महिने तालीम केलेल्या, काहीच माहीत नसलेल्या. वकिलांची नोटीस गेल्यावर त्याने आयोजकांना लेखी कबुली दिली. नोंदीत माझं नाव लागलं. मानधन आजवर आलेलं नाही.

आता नवी संहिता पूर्ण झाली की आधी कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करते. फी ५०० रुपये. अर्जाचा क्रमांक, म्हणजे डायरी नंबर मिळतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर तो कागद बोलतो. वाचायला मागणाऱ्याला पहिली पाच-सहा पानंच पाठवते, तीही पीडीएफ, प्रत्येक पानावर माझं नाव आणि मागणाऱ्याचंही. पूर्ण संहिता परवानगीपत्रावर सह्या झाल्यावरच. त्या पत्रात कुठली स्पर्धा, किती प्रयोग, कुठवर मुदत हे सगळं असतं, आणि नाव किंवा संवाद बदलायचे नाहीत, चित्रीकरण विचारल्याशिवाय टाकायचं नाही, हेही. ओळखीचा असला तरी. अदबीने बोलणारा असला तर नक्कीच.

मार्चमध्ये त्या दोघी मुली घरी आल्या. मोठीचं काम करणारी रडत होती. त्यांना हीच एकांकिका मूळ नावाने, मशीनसकट, पुन्हा करायची होती. मी परवानगीपत्र लिहून दिलं, मानधनाच्या जागी एक रुपया लिहिला आणि खाली एक ओळ घातली: पान १४ वर सुलभाच्या जागी सुमन वाचावे.