‘कन्टेम्प्ट’पायी घेतलेली ऑक्सफर्डची जाड डिक्शनरी

सांगलीत हरभट रोडला एका दुकानात ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी सेकंडहँड मिळाली, ३०० रुपयाला, एडिशन जुनी आहे पण पानं सगळी जागेवर. सहा महिने रोज वापरतीये म्हणून लिहितीये. त्याआधी मोबाईलमध्ये एक फुकटचं इंग्रजी-मराठी अ‍ॅप होतं, त्याचं नाव नको, पण त्यानं काय केलं ते सांगायलाच पाहिजे.

क्लासला वडलांवर निबंध होता. मी हळदीच्या सौद्याचं लिहिलं. आप्पा मार्केट यार्डात पोती घेऊन गेलेले, एका व्यापाऱ्यानं मूठभर हळकुंडं उचलली, आप्पांच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, परत पोत्यात टाकली आणि सगळ्यांसमोर नको ते बोलला. मी तिथंच उभी होते. निबंधात मला ‘तिरस्कृत’साठी शब्द पाहिजे होता, अ‍ॅपनं दिला कन्टेम्प्टिबल, मी लिहून टाकलं ‘माय फादर वॉज कन्टेम्प्टिबल’. सरांनी लाल गोल केला आणि जवळ बोलवून हळू सांगितलं, अगं याचा अर्थ तुझे वडील तिरस्कार करायच्याच लायकीचे होते असा होतो. रात्रभर झोप लागली नाही मला.

आता या डिक्शनरीत तेच पान काढून बघा. कन्टेम्प्टसमोर बारीक ‘यू’ आहे, म्हणजे मोजता न येणारं नाम. पुढं ‘फॉर’ येतो हे वाक्यातनंच कळतं. कन्टेम्प्टिबल म्हणजे ज्याचा तिरस्कार व्हावा असा माणूस किंवा असं वागणं. कन्टेम्प्चुअस म्हणजे ज्याच्या मनात दुसऱ्याबद्दल तिरस्कार भरलाय तो, आणि त्याच्यापुढं ‘ऑफ’. आपल्याकडं तिरस्करणीय आणि तिरस्कारानं बघणारा यात जेवढा फरक तेवढाच इथं, फक्त शेपूट बदलतं. आणि माझा मूळ शब्द, तिरस्कृत, त्याला कन्टेम्प्टपासून रोजच्या वापरातलं रूपच नाही, तिथं डिस्पाइज्ड म्हणायचं नाहीतर ‘ट्रीटेड विथ कन्टेम्प्ट’. अ‍ॅपमध्ये सगळ्यांसमोर एकच ओळ होती, ‘तुच्छ, तिरस्कृत’, झालं.

शिवाय सगळीकडं तिरस्कार म्हणून भागतच नाही. कन्टेम्प्ट ऑफ कोर्टला आपण अवमान म्हणतो, १९७१ चा कायदा आहे त्याचा, आणि त्यात कोर्टाचा आदेश मुद्दाम मोडला तरी तो अवमानच, मनात राग असो नसो. ‘फॅमिलिअ‍ॅरिटी ब्रीड्स कन्टेम्प्ट’ला तर आमची आजी कधीची अतिपरिचयात अवज्ञा म्हणते, तिथं अवज्ञाच बसतं. एका शब्दाला मराठीत तीन घरं. ‘बिनीथ कन्टेम्प्ट’ मला लय आवडलं, म्हणजे इतकं खालचं की तिरस्कार करायच्यासुद्धा लायकीचं नाही. जवळच कन्टेम्पररी आहे, दिसायला भावंडं वाटतात पण नातं काहीच नाही, तो शब्द लॅटिनमधल्या ‘काळ’ या अर्थाच्या शब्दावरनं आलाय.

कमी काय आहे तर मराठी अर्थ नाहीत, इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच, त्यामुळं पहिला महिना जड जातो. अक्षर बारीक. बॅगेत घेऊन एसटीनं रोज जायचं म्हणजे खांदा दुखतो, मी आता घरीच ठेवते. उच्चाराची चिन्हं सुरुवातीलाच कुणाकडनं तरी समजून घ्या. पाचपैकी साडेचार. अकरावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांनी जुनी मिळाली तरी घ्यावी, फक्त पानं मोजून घ्या.

निबंध परत लिहिला, ‘द ट्रेडर वॉज कन्टेम्प्चुअस ऑफ माय फादर’. आप्पांना वाचून दाखवला, एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, मग तो आधीचा शब्द वायाच गेला का? म्हटलं नाही आप्पा, तो त्याच्या वागण्याला लावलाय, पुढच्याच ओळीत.