आशाची पिशवी: काटा, घड्याळ, अ‍ॅप आणि माझी तीस रुपयांची वही

आशा, म्हणजे गावात घरोघर जाणारी आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते त्याला अकरा वर्षं झाली. गाव धारूर तालुक्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातं. नवजात बाळ तपासायच्या वस्तूंची एक पिशवी आम्हाला असते; गेल्या महिन्यात जुनी जमा करून नवी मिळाली. नव्याने लागलेल्या आशाताईंसाठी लिहिते, की आतल्या कुठल्या वस्तूवर किती भरवसा ठेवायचा.

आधी वजनकाटा. हातात धरायचा, स्प्रिंगचा, खाली झोळी अडकवायची. चांगला आहे, पण तपासून घ्या. रिकामी झोळी लावून आधी शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं, आणि वाचताना काटा डोळ्यांसमोर धरायचा. माझ्या जुन्या काट्याची स्प्रिंग ढिली झाली होती, ते मला दीड-दोन वर्षं कळलंच नाही. एकदा किराणा दुकानातलं दोन किलोचं वजन सहज झोळीत टाकलं, तर २२०० दाखवलं. म्हणजे २३५० ग्रॅमचं बाळ माझ्याकडे अडीच हजारांच्या वर भरत होतं. २५०० पासून पुढे काट्यावर हिरवा पट्टा, म्हणजे वजन ठीक. पट्टा हिरवा दिसला की सासूही निर्धास्त, मीही निर्धास्त. तेव्हापासून दर महिन्याला दुकानदाराकडे जाते. तो हसतो, पण वजन देतो.

घड्याळाला पैकीच्या पैकी. पूर्ण एक मिनिट बाळाचं पोट बघत श्वास मोजायचे, साठ किंवा जास्त भरले की पुन्हा मोजायचे, तरी तेवढेच तर दवाखाना. थर्मामीटर बरा, सेल लवकर उतरतो. चादरीबद्दल काही लिहीत नाही, ती बाळाच्या घरीच राहते.

आता अ‍ॅप, बाळांच्या नोंदी भरायचं, मोबाइलमधलं. नाव घेत नाही. आशांना कळेलच, बाकीच्यांना त्याचं काम नाही. जे बाळ गावात जन्मतं आणि गावातच राहतं, त्याच्यासाठी अ‍ॅप छान. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं तर पहिल्या दिवशीही, भेटीची आठवण येते. रेंज नसली तर टेकाडावर जाऊन भरते, त्याचं एवढं काही नाही. घोळ पुढे आहे.

मागच्या हंगामात आठव्या महिन्याची एक बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. मी अडवलं होतं. पण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं, ती राहिली तर टोळी नेणारा मुकादम नवऱ्याला तरी कसा नेईल? मी अ‍ॅपमध्ये ‘स्थलांतरित’ टिपलं आणि तिचं नाव माझ्या यादीतून गेलं. ती तिथे कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाली. चौथ्या दिवशी बाळ गेलं. वजन कुणी केलं नाही, श्वास कुणी मोजले नाहीत. पाडव्याच्या सुमारास परत आली तेव्हा हापशावर पाणी भरताना तिनं मला सांगितलं. घरी येऊन अ‍ॅप उघडलं, तर तिचा जन्मच नाही लागलेला, मग मृत्यू कुठे लावणार?

उपकेंद्राच्या सिस्टरांना सांगितलं. त्यांनी नियम सांगितला, तोही खरा आहे: जन्म असो की मृत्यू, नोंद जिथे घडलं तिथेच, २१ दिवसांच्या आत. ती जागा दुसऱ्या जिल्ह्यात. ग्रामपंचायत कुठली, हे तिला सांगता येईना. तिला फक्त कारखान्याचं नाव माहीत, आणि मुकादमाचं.

प्रशिक्षणात आम्हाला गडचिरोलीचं सांगतात. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, घरोघर जाऊन बाळाला बघायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी मासिकात छापून आलं, २०११ मध्ये ही पिशवी देशभरच्या आशांच्या खांद्यावर आली. पण तिथे एकानं नोंदायचं आणि दुसऱ्यानं घरोघर फिरून ताडायचं, अशी रीत होती. आमच्याकडे मीच नोंदणार आणि माझंच अ‍ॅप मला ताडणार. त्यात २०११ च्या नियमात भेटींचे २५० रुपये मिळायला ४२ व्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप हवेत अशी अट होती. ज्यानं घातली त्यानं मृत्यू कळवायला जाणाऱ्या बाईचा विचार केला होता का, कोण जाणे.

मोठ्या बायकांच्या बाबतीत नियम जास्त शहाणा वाटतो. १५ ते ४९ वयाची कुठलीही बाई गेली की २४ तासांत कळवायचं. ती गरोदर होती का, बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत गेली का, हे ठरवायचं काम माझं नाही, वरच्यांचं. त्यामुळे लपवालपवीला जागा कमी.

म्हणून पिशवीतली सहावी वस्तू मी स्वतः विकत घेतली आहे. धारूरच्या बाजारातून, दोनशे पानी वही, तीस रुपये. रकाने माझे: नाव, शेवटच्या पाळीची तारीख, कारखाना, अड्डा (टोळी उतरते ती जागा), मुकादमाचा नंबर, सोबत गेलेल्या सासूचा किंवा नणंदेचा नंबर. दर रविवारी फोन. दूध ओढतंय का, अंग गार लागतंय का, आईला अंगावरून जास्त जातंय का. काही वाटलं तर १०८ ला लावा म्हणते, तिथल्या आशाताईचा नंबर मिळाला तर तिलाही सांगते. रिचार्ज माझ्या खिशातून. मोजायची तर या वहीला पाच तारे, अ‍ॅपला दोन, काट्याला चार, दुकानदार गावात असेपर्यंत.

या वर्षी वहीत नऊ नावं आहेत आणि मुकादमांचे तीन नंबर. त्यातला एक आत्तापासूनच लागत नाही.